नियम कोण लिहितो?

धम्मदीक्षेनंतर आमच्या समाजाने शिक्षणाची कास धरली, हे आता आमचे विरोधकही नाकारीत नाहीत. ज्या घरात आजोबांना कागदावर अंगठा उठवावा लागे, त्या घरातील नात आज विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवीत आहे. तिच्या प्रवेशाची आम्ही चौकशी करतो, जातीच्या दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, अधिछात्रवृत्तीची रक्कम केव्हा जमा होणार म्हणून दर महिन्याला विचारतो. परंतु एक प्रश्न आमच्या घरांतून सहसा विचारला जात नाही. ती ज्या विद्यापीठात गेली तेथील पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांची संघटना कोणत्या नियमांनी चालते, ते नियम कोणी लिहिले, आणि ते लिहिले जात असताना आमचे कोणी तेथे होते काय?

हा प्रश्न क्षुल्लक आहे, पोरांच्या पोरखेळाचा आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठीच हे लिहिणे आहे. सभासद कोण, मत कोणाला, निवडणुकीस उभे कोण राहू शकतो, पैसा कोणाच्या सहीने निघतो आणि तक्रार कोण ऐकतो, या पाच गोष्टी ज्याच्या लेखणीतून उतरतात, सत्ता त्याच्याच हाती राहते. पुढे निवडून कोण येतो हा नंतरचा विषय. आमच्या वाडवडिलांवर शतकानुशतके जे राज्य चालले ते तलवारीपेक्षा नियमांचे अधिक होते. पाणवठा कोणाचा, वाट कोणाची, अक्षर कोणाचे, हे ज्यांनी ठरविले त्यांनी आमच्या वाडवडिलांना विचारले नव्हते. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला नियमांच्या एका ग्रंथाचे दहन झाले. आणि त्याच सत्याग्रहाचे नेतृत्व करणाऱ्या महापुरुषाकडे २९ ऑगस्ट १९४७ रोजी साऱ्या देशाचे नियम लिहिणाऱ्या मसुदा समितीचे काम आले. या दोन तारखांमधील वीस वर्षांचा अर्थ ज्याला कळला, त्याला विद्यार्थी संघटनेची नियमावली क्षुल्लक वाटणार नाही.

‘तू फक्त अभ्यास कर’

पहिला आक्षेप आमच्याच घरातून येतो. “बाळ, तू फक्त अभ्यास कर, संघटनेच्या भानगडीत पडू नकोस,” असे आई सांगते, वडील सांगतात. या सांगण्यामागची माया आम्ही जाणतो. दागिना गहाण टाकून ज्यांनी मुलाला शहरात धाडले, त्यांना त्याच्या नावावर डाग नको असतो. परंतु ही माया मुलाचे रक्षण करीत नाही. ती त्याला एकटे पाडते.

संशोधक विद्यार्थ्याची स्थिती बी. ए.च्या वर्गात बसणाऱ्या मुलासारखी नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागतात. एवढी वर्षे तो विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली असतो. प्रगतीच्या अहवालावर त्या मार्गदर्शकाची सही, अधिछात्रवृत्तीच्या कागदावर त्याचीच सही, प्रबंध सादर करण्यास त्याचीच संमती. मार्गदर्शक सज्जन असला तर ठीक, नसला तर? वर्गात शंभर मुले असतात, तेव्हा अन्यायाला शंभर साक्षीदार असतात. मार्गदर्शकाच्या खोलीत साक्षीदार नसतो. ज्याचा मामा प्राध्यापक आहे आणि आजोबा कुलसचिव होते, त्याला संघटना नसली तरी चालते. त्याचे घर हीच त्याची संघटना. ज्याच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला लेखी नियमांनी चालणाऱ्या संघटनेवाचून दुसरा आधार नाही.

विद्यापीठाची सर्वसाधारण विद्यार्थी परिषद असते, ती पुरे नाही काय, असे कोणी विचारील. पुरे नाही. तेथे पदवीचे विद्यार्थी हजारोंनी आणि संशोधक मूठभर. परीक्षा, शुल्क, स्नेहसंमेलन हे तेथील विषय. रखडलेली अधिछात्रवृत्ती, वसतिगृहातील मुदतवाढ, मार्गदर्शक बदलून मिळण्याचा अर्ज, हे विषय त्या गर्दीत कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, हे आमच्या वाचकांनी पाहिले आहे. तेथे एकेकटा गेला असता तर त्याचा अर्ज फाइलीत पडून राहिला असता. समूहाने गेले म्हणून त्याची बातमी झाली आणि मंत्रालयाला त्याची दखल घ्यावी लागली.

संघटना करणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या कलम १९(१)(ग) मध्ये अधिसंघ बनविण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिलेला आहे, आणि विद्यार्थी झाल्याने कोणाचे नागरिकत्व संपत नाही. पूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी होते. त्यांच्याइतका अभ्यास करणारा विद्यार्थी कोणी दाखवावा. त्याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा तेथे विद्यार्थ्यांची संसद चालू लागली, आणि त्या संसदेपुढे ते स्वतः बोलले. विद्यार्थ्याने केवळ पुस्तकात डोके घालून बसावे असे त्यांचे मत असते, तर आपल्या महाविद्यालयात त्यांनी हे होऊ दिले असते काय?

उपालीचा वारसा

दुसरा आक्षेप पंडितांचा. सभा, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे इंग्रजांचे उसने आणलेले सोंग आहे, आमच्या लोकांना ते पेलणार नाही, असे ते सूचित करतात. या पंडितांना इतिहास ठाऊक नाही किंवा तो आम्हाला कळू द्यायचा नाही. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नेमके हेच सांगितले की, भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते, आणि ते आजच्या नियमांहून उणे नव्हते.

ते नियम काय होते, हे नवदीक्षित कुटुंबांनी समजून घेतले पाहिजे. कारण हा आपल्या घरचा ठेवा आहे. संघापुढे कोणतेही काम आले की प्रथम ‘ञत्ति’ म्हणजे प्रस्ताव मांडला जाई. महत्त्वाच्या कामात त्यानंतर तीन वेळा घोषणा होई, आणि प्रत्येक वेळी ज्याचा विरोध असेल त्याने बोलावे, असे आवाहन केले जाई. सारे मौन राहिले तरच ठराव संमत. गणसंख्या ठरलेली होती: काही कामांना चार भिक्खू पुरत, काहींना पाच, काहींना दहा, आणि एका कामाला वीस. गणसंख्या भरवण्याची जबाबदारी ‘गणपूरका’वर असे. आजारी भिक्खूला आपली संमती, म्हणजे ‘छंद’, दुसऱ्याकरवी कळविता येई. मतभेद मिटला नाही तर ‘येभुय्यसिका’, म्हणजे बहुमताने निर्णय होई, आणि त्यासाठी शलाका वाटल्या जात. मते गुप्तपणे घेण्याचीही पद्धत होती.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, शलाका वाटणारा कोण असावा याचाही नियम होता. जो मर्जीने वाकत नाही, द्वेषाने वाकत नाही, मोहाने वाकत नाही, भयाने वाकत नाही आणि कोणते मत घेतले गेले व कोणते राहिले हे ज्याला नीट कळते, त्यालाच संघाने या कामी नेमावे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याची पात्रता याहून चांगली कोणी लिहून दाखवावी!

आणि या साऱ्या नियमांचा जाणकार कोण होता? उपाली. शाक्यांच्या घरचा न्हावी. शाक्यकुमार त्याच्याबरोबर दीक्षा घ्यावयास आले तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनविले की, आमच्या आधी याला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यकुळाचा अभिमान गळेल. भगवंतांनी तसेच केले. पुढे महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा विनय सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. क्षत्रिय आणि ब्राह्मण कुळांतून आलेले थोर भिक्खू समोर बसले होते आणि नियम काय आहे हे न्हावी सांगत होता. ज्या धम्मात हे घडले त्या धम्माच्या लेकरांनी नियम लिहिणे हे आपले काम नव्हे असे मानावे, याला काय म्हणावे?

सारखेपणाचा बुरखा

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे. “नियम सर्वांना सारखा आहे, मग तुमची तक्रार कसली?” ही तक्रार कसली ते आता सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्र सरकारने लिंगडोह समिती नेमली. तिने मे २००६ मध्ये अहवाल दिला आणि सप्टेंबर २००६ मध्ये न्यायालयाने त्या शिफारशी देशभरच्या विद्यार्थी निवडणुकांना लागू केल्या. या शिफारशींत चांगले काही नाही असे आम्ही म्हणत नाही. उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब, सत्र सुरू झाल्यावर ठरावीक आठवड्यांत निवडणूक, या गोष्टी गरीब विद्यार्थ्याच्या हिताच्याच आहेत. धनदांडग्यांच्या मोटारी आणि रंगीत फलक यांना त्यांनी आळा घातला, त्याबद्दल आम्ही समितीला श्रेय देतो.

परंतु त्याच शिफारशींत संशोधक विद्यार्थ्याला निवडणूक लढविण्यासाठी २८ वर्षांची वयोमर्यादा घातली आहे. कागदावर हा नियम सारखा आहे. पण ज्याने दहावीनंतर दोन वर्षे वीटभट्टीवर काम केले, बी. ए. झाल्यावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडले आणि मग विद्यापीठ गाठले, तो २८ व्या वर्षी कोठे असतो? ज्याच्या शिक्षणात एक दिवसाचाही खंड पडला नाही, तो कोणाच्या घरचा असतो? वयाची मोजणी सारखी आहे, वाट सारखी नाही.

आणखी पाहा. ज्याच्यावर फौजदारी खटला चालला किंवा जो दोषी ठरला तो अपात्र, अशी त्या शिफारशीची भाषा आहे. ‘किंवा’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. खटला चालून निर्दोष सुटलेला मनुष्यही या शब्दांत सापडतो. आंदोलनात उतरलेल्या आमच्या मुलांवर गुन्हे कसे नोंदविले जातात, हे वाचकांना नव्याने सांगावयास नको. ज्याच्यावर विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई केली तोही अपात्र. म्हणजे विद्यार्थ्यांनी कोणाला निवडावे याचा पहिला निर्णय प्रशासन करणार. तक्रार निवारण कक्षात अध्यक्ष म्हणून विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता, एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी, आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी. पाचांपैकी तीन प्रशासनाच्या बाजूचे; आणि अनुसूचित जाती-जमातींचा माणूस त्यात असलाच पाहिजे, असे बंधन या रचनेत नाही.

भगवंतांनी सारखेपणाचा अर्थ असा केला नव्हता. अवंती देशात सोण कुटिकण्ण नावाच्या तरुणाला उपसंपदा घ्यावयाची होती. त्यासाठी दहा भिक्खू लागत, आणि त्या दूरच्या प्रदेशात दहा भिक्खू जमावयास तीन वर्षे लागली. ही अडचण भगवंतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी “नियम सर्वांना सारखा आहे” असे उत्तर दिले नाही. मध्यदेशात दहा आणि प्रत्यंत प्रदेशात पाच, असा नवा नियम केला. जो दूर आहे त्याच्यासाठी दार रुंद करणे याचे नाव समता. आमची मुले आजच्या विद्यापीठांतील प्रत्यंत प्रदेशातून येतात.

नियम बदलत नाहीत असेही नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील निवडणुका लिंगडोह शिफारशींच्या वादात २००८ मध्ये थांबल्या. विद्यार्थ्यांनी आपली जुनी, स्वतः लिहिलेली घटना उचलून धरली, न्यायालयात बाजू मांडली, आणि काही अटी शिथिल झाल्यावर २०१२ मध्ये तेथे पुन्हा निवडणूक झाली. ज्यांच्यापाशी स्वतःचा लेखी नियम होता त्यांना लढावयास पाय ठेवण्याइतकी जागा मिळाली.

महाराष्ट्राची कथा वेगळी नाही. १९९४ च्या कायद्याखाली परिषदेवर गुणवत्तेच्या यादीतून विद्यार्थी नेमले जात. मत देण्याचा प्रश्नच नव्हता. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणूक परत आणली, आणि परिषदेत एक स्त्री प्रतिनिधी व मागास प्रवर्गांतून चक्राकार पद्धतीने एक प्रतिनिधी अशी तरतूद केली. २०१९ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. पुस्तकात असलेला नियम पुस्तकातच राहिला तर तो कोणाच्या सोयीचा, याचा विचार वाचकांनी करावा.

ऐकल्यावाचून शिक्षा नाही

विनयामध्ये एक तत्त्व आहे, ‘सम्मुखाविनय’. ज्याच्याविरुद्ध कारवाई करावयाची तो समोर असला पाहिजे, त्याला विचारले पाहिजे आणि त्याचे म्हणणे घेतले पाहिजे. तो गैरहजर असताना, न विचारता केलेली दंडाची कारवाई अधर्माची, म्हणून रद्द. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या विद्यापीठांत किती पाळला जातो?

मे २०१५ मध्ये मद्रासच्या आय. आय. टी.ने आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढून घेतली. कारण काय? एक निनावी पत्र केंद्रीय मंत्रालयाकडे गेले, मंत्रालयाने ते संस्थेकडे पाठविले, आणि मंडळाने विद्यार्थी संघटनांच्या नियमांचा भंग केला असे ठरविण्यात आले. आपले म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नाही, असे मंडळाने सांगितले. देशभर ओरड झाली तेव्हा जून महिन्यात मान्यता परत मिळाली. नियमांचे कलम दाखवून ज्यांना बाहेर काढले त्यांना नियमांचीच चर्चा करून आत यावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच वर्षी हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना शिक्षा झाली. वसतिगृहात राहावयाचे नाही, प्रशासकीय इमारतीत व सार्वजनिक जागी समूहाने जावयाचे नाही, आणि विद्यार्थी संघाची निवडणूक लढवावयाची नाही. या शेवटच्या अटीचा अर्थ सरळ आहे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांनी पंचायतीतही येऊ नये, हाच तो जुना नियम नव्या कागदावर उतरला. त्या पाचांपैकी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. त्याची अधिछात्रवृत्ती महिनोन्महिने रखडली होती. त्याच्या मृत्यूवर पुष्कळ अश्रू ढाळले गेले. पण अश्रूंनी संघटनेच्या नियमावलीतील एकही कलम लिहिले जात नाही.

नियमावलीत काय असावे

आता नुसती टीका न करता सांगतो की आमच्या मुलामुलींनी काय मागावे, आणि जेथे स्वतः संघटना काढतील तेथे काय लिहावे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली सात माणसे मिळून संस्था नोंदवू शकतात. आणि नोंदणी न करता केवळ विद्यापीठाची मान्यता घ्यावयाची असली तरी लेखी नियमावली लागतेच.

पहिली गोष्ट, सभासदत्व हक्काचे असावे. नोंदणी झालेला प्रत्येक पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी आपोआप सभासद. ज्याची अधिछात्रवृत्ती थांबली आहे त्याची वर्गणी थांबली तरी त्याचे मत थांबू नये.

दुसरी, कार्यकारिणीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि स्त्रिया यांच्या जागा राखीव असाव्यात. आणि अनुसूचित जाती म्हणजे ‘बौद्ध धम्म स्वीकारलेल्या व्यक्तींसह’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. हे शब्द आम्ही उगाच मागत नाही. १९५६ मध्ये आम्ही धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचे स्थान मिळाले ते १९९० मध्ये. एका आदेशात एक शब्द नव्हता म्हणून चौतीस वर्षे केंद्राच्या सवलती हातातून गेल्या. जे शब्द लिहिलेले नसतात ते वादाच्या दिवशी आपल्या बाजूने उभे राहत नाहीत.

तिसरी, सभेची सूचना लेखी, विषयपत्रिकेसह, निदान सात दिवस आधी. गणसंख्या ठरलेली. इतिवृत्त लिहिलेले आणि पुढील सभेत वाचून कायम केलेले. रात्री अकरा वाजता चार मित्रांनी चहाच्या टपरीवर घेतलेला निर्णय संघटनेचा निर्णय होऊ नये. अशा टपरीवर आमची मुलगी नसते, आणि पुष्कळदा आमचा मुलगाही नसतो.

चौथी, पैसा दोघांच्या सहीने निघावा आणि हिशेब दर सत्रास सूचनाफलकावर लागावा. सर्वांच्या वर्गणीतून कोणत्याही धर्माचे पूजन वा उत्सव होऊ नये. सरस्वतीपूजन असो वा गणेशोत्सव, ज्याला करावयाचा त्याने आपल्या खिशातून करावा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मुलाच्या पैशातून त्याने नाकारलेल्या देवाची आरती होते, हा त्याच्या विवेकावरील बलात्कार आहे. हाच नियम आम्ही आम्हालाही लावतो. बुद्धजयंती आमच्या वर्गणीतून होईल, संघटनेच्या निधीतून नव्हे. जो नियम आपण स्वतः पाळत नाही तो दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पाचवी, कोणत्याही सभासदावर वा पदाधिकाऱ्यावर कारवाई करण्यापूर्वी लेखी आरोप, उत्तरास मुदत आणि समक्ष सुनावणी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो निर्णय देणाऱ्यांत बसू नये. तक्रार समितीत विद्यार्थ्यांचे बहुमत असावे आणि अनुसूचित जाती-जमातींचा प्रतिनिधी असावाच.

सहावी, मुदत एक वर्षाची, आणि तेच पद तिसऱ्यांदा नाही. ठरलेल्या तारखेपर्यंत निवडणूक झाली नाही तर कार्यकारिणी आपोआप संपुष्टात यावी आणि सर्वसाधारण सभेने तीन निवडणूक अधिकारी नेमावेत. या एका कलमावाचून बाकीची सारी कलमे व्यर्थ जातात. कारण खुर्ची सोडावी असे खुर्चीवर बसलेल्याला कधीच वाटत नाही.

आमच्या घरातला रोग

येथवर आम्ही दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता आपले पाहू. “अहो, आपलीच माणसे आहेत, आपल्यात कसले नियम?” हे वाक्य आमच्या वस्त्यांतील मंडळांत, विहारांच्या समित्यांत आणि विद्यापीठातील आमच्या मुलांच्या संघटनांतही ऐकू येते. या एका वाक्याने आमच्या जितक्या संस्था बुडाल्या तितक्या शत्रूंनी बुडविल्या नाहीत. एकाच माणसाच्या खिशात शिक्का, त्याच्याच घरी पावतीपुस्तक, त्याच्याच तोंडी हिशेब. कोणी विचारले की तो समाजद्रोही! मग विचारणारा बाहेर पडतो, दुसरे मंडळ काढतो आणि तेथे तोही शिक्का आपल्याच खिशात ठेवतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला आणि पुढे फुटतच राहिला, हा इतिहास आम्हाला पाठ आहे. त्यापासून धडा मात्र आम्ही घेत नाही.

राजकारणात विभूतिपूजा ही अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात दिला. ज्याने स्वतःची पूजा नको म्हटले त्याच्या तसबिरीखाली बसून आम्ही गल्लीतल्या पुढाऱ्याची पूजा करतो. भगवंतांनी तरी आपल्यामागे कोणाला गादीवर बसविले? मी सांगितलेला धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे त्यांनी आनंदाला सांगितले. गादीवर माणूस बसला नाही, नियम बसला. आणि म्हणून तो संघ अडीच हजार वर्षे टिकला. वज्जी जोवर वारंवार एकत्र जमतील, एकदिलाने बसतील आणि एकदिलाने उठतील, तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. फूट पडली आणि मगधाने वज्जींना गिळले.

विद्यापीठातील आमच्या मुलांनी हा रोग तेथे नेऊ नये. प्रशासनाकडे लोकशाही मागणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष चार वर्षे न बदलता राहतो, आणि तीत बोलणाऱ्या मुलीला सभेची सूचनाच मिळत नाही, तर त्या मागणीला कोण किंमत देणार? आमच्या मुलींचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. भिक्खुनी संघाला आपली सभा आणि आपली कर्मे होती. आमच्या संघटनांत मात्र स्वागतगीताला मुलगी आणि ठरावाला मुलगा, अशी वाटणी अजून चालते. ती थांबली पाहिजे.

बौद्ध आई-वडिलांनो, आपला मुलगा वा मुलगी सुटीत घरी येईल तेव्हा गुण किती पडले हे जरूर विचारा. त्याच बैठकीत हेही विचारा की, तुमच्या संघटनेची नियमावली तू वाचली आहेस काय, तिची प्रत तुझ्यापाशी आहे काय, मागच्या सभेचे इतिवृत्त कोणी लिहिले? प्रत नसेल तर मागून घ्यावयास सांगा. नियमावलीच नसेल तर लिहावयास बसवा. आणि आपल्या वस्तीतील विहार समितीचा हिशेबही त्याच मुलाकडून एकदा लिहवून घ्या. नियमाने चालण्याची सवय विद्यापीठाच्या दाराशी एकदम लागत नाही, ती घरापासून लागावी लागते.

दुसऱ्याने लिहिलेल्या नियमाखाली आमच्या शंभर पिढ्या गेल्या. लेखणी आता आमच्या मुलांच्या हाती आहे, आणि शाई सुकण्यापूर्वी ती चालविली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!